कॉमेडी पिक्चरवरून आमच्या स्टाफमध्ये दोन तट पडलेत, तुमच्याकडे काय चाललंय?

डोअर_ऑडी_तीन

नमस्कार मंडळी, नाशिकमध्येच एका मल्टिप्लेक्सला दारावर असते. तिकीट स्कॅन करायचं, अंधारात टॉर्च दाखवायचा, कोणी पुढच्या सीटवर पाय टाकले की दोनदा गोड बोलायचं आणि तिसऱ्यांदा मॅनेजरला बोलवायचं, हे काम. पिक्चरचं नाव टाकत नाही कारण आमचे साहेब सगळं वाचतात आणि पिक्चर अजून चालू आहे. मराठी आहे, हलकाफुलका, सहकुटुंब टाईप, पोस्टरवर सगळे कलाकार डोळे मोठे करून आपल्याकडे बघतायत. स्टोरी म्हणजे आजोबांनी वाडा कोणाच्या नावावर केलाय ते कोणालाच माहीत नाही आणि सगळी भावंडं एका लग्नात एकत्र येतात, पुढचं तुम्हीच समजा.

तर या पिक्चरवरून डबा खाताना रोज भांडण होतंय. तिकीट काउंटरवरची ताई म्हणते असा पिक्चर दर महिन्याला यायला पाहिजे, प्रोजेक्शनचा दादा म्हणतो माझ्यासमोर नाव काढू नको, आणि हाऊसकीपिंगच्या मावशी तर पोस्टर बघून पण चिडतात. माझं म्हणाल तर पहिला हाफ मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पंगतीचा एक सीन आहे, मामा तीन जणांना तीन वेगवेगळ्या थापा मारून बसलाय आणि ते तिघं नेमके एकाच ओळीत जेवायला येतात आणि वाढपी मठ्ठ्याचं भांडं घेऊन मधेच उभा, त्याला पुढे पण जाता येत नाही नि मागे पण नाही. मामापेक्षा त्या वाढप्याच्या तोंडाकडे बघा, एक शब्द नाही त्याला. त्या सीनला मी काहीतरी निमित्त काढून आत जाऊन उभी राहते. पण सेकंड हाफला सगळे रडायलाच लागतात, आजोबांचं भाषण संपता संपत नाही, आणि दाराजवळून बघितलं की एकेक मोबाईल पेटायला लागतो. कॉमेडीला लोक कंटाळले तरी उठून जात नाहीत, बायकोपोरं सोबत असतात, मग खाली मान घालून रील्स बघतात. आम्हाला मागून सगळं दिसतं.

तर विचारायचं हे की तुम्ही जे या लाईनमध्ये आहात, थिएटरवाले, शूटिंगवाले, डिस्ट्रिब्युशनवाले, तुम्हाला असले पिक्चर मनापासून कसे वाटतात? का आपल्याला फुकट बघायला मिळतो म्हणून आपण जरा जास्तच नावं ठेवतो?

केबिनवाला_नाशिकरोड

तुमच्या प्रोजेक्शनच्या दादाला माझा फुल सपोर्ट आहे ताई.

लोकांना वाटतं आम्ही वर बसून पिक्चर बघतो. आता बघण्यासारखं काही राहिलंच नाही, हार्डडिस्क आली की सर्व्हरवर चढवायची, नाहीतर सॅटेलाइटने उतरवून घ्यायचा, डिस्ट्रिब्युटरकडून की, म्हणजे पिक्चर उघडायची डिजिटल किल्ली, येते ती फक्त आपल्याच मशीनला चालते आणि तीही अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून, मग प्लेलिस्ट लावायची, लाइट कधी डिम होणार आणि इंटरव्हल कधी पडणार ते सगळं आधीच त्यात टाकलेलं. त्यामुळे मला पिक्चरची आठवण कधी येते, तर खालून फोन आला की. आणि या तुमच्या कॉमेडीला जेवढे फोन येतात तेवढे मारधाडीच्या पिक्चरला पण येत नाहीत. "आवाज वाढवा, डायलॉग कळत नाही."

आता आवाजाचं गणित असं आहे की मशीनवर ७ हा आकडा स्टँडर्ड, म्हणजे मिक्सिंग करणाऱ्याने ज्या लेव्हलला ऐकून केलं तेवढाच हॉलमध्ये मिळावा म्हणून. आमच्याकडे कोणी ७ वर चालवत नाही, ५ साडेपाचवर ठेवतात, नाहीतर जाहिरातींनी कान फाटतात आणि लोक भांडायला येतात. बरं, कॉमेडीत काय होतं, एक जोक पडला की हॉल हसतो आणि त्या हसण्यात पुढची ओळ गेली. ती ओळ म्हणजे पुढच्या जोकची तयारी असते, ती गेली की पुढचा जोक पण गेला. रविवारी संध्याकाळी हाऊसफुल्लला मी आवाज चढवतो, कारण माणसं आवाज खातात पण आणि करतात पण. मंगळवारी दुपारी तोच पिक्चर पंधरा वीस लोकांत लावा, प्रत्येक ओळ स्वच्छ ऐकू येते आणि कोणी हसत नाही.

नाटकात हे होत नाही. इथल्या कालिदास नाट्यगृहात बघा, नट हशा पूर्ण घेतो, थोडा खाली बसू देतो, मग पुढचं वाक्य टाकतो. पडद्यावरचा नट कोणासाठी थांबणार? ते काम एडिटरचं आहे, कुठे किती जागा सोडायची ते त्याने ठरवायचं, आणि हल्ली सगळ्यांना फास्ट पाहिजे. या पिक्चरचा डायरेक्टर चांगला असेल नसेल मला माहीत नाही, पण एडिट करताना भरलेल्या हॉलचा विचार कोणी केलेला नाही हे मी केबिनमध्ये बसून सांगतो.

पॉपकॉर्न_आणि_कोन

केबिनवाले दादा तुमचं सगळं बरोबर असेल पण जरा खाली या आणि इंटरव्हलला आमच्या काउंटरला उभे राहा मग बोलू

आमच्याकडे रोज संध्याकाळी एकच आकडा विचारतात, एसपीएच, म्हणजे आलेल्या माणसामागे खाण्यापिण्याचा खर्च किती झाला. भूताच्या पिक्चरला कॉलेजची पोरं येतात, चौघात एक कोल्ड्रिंक. सिरियस पिक्चरला माणूस एकटा येतो, बाटली पण घरून आणतो आणि दारावर वाद घालतो. कॉमेडीला घरच्या घर येतं, आजी, दोन पोरं, मावशी, मोठा टब, नाचोज, आजीला चहा, पोराला आईस्क्रीम आणि ते सांडलं की परत आईस्क्रीम. या पिक्चरची इंटरव्हल पण भारी ठिकाणी पडलीये, नवरदेव पळून जातो तिथे, लोक हसत हसत बाहेर येतात. हसणारा माणूस खर्च करतो हो, विचारून बघा. जे पिक्चर इंटरव्हलला कोणाला तरी मारून टाकतात तेव्हा लोक जागेवरच बसून राहतात, बाहेर आले तरी नुसते वॉशरूमला जातात.

पिक्चर कसा आहे मला माहीत नाही, पूर्ण बघितलाच नाही. पण माझ्यासाठी हिट आहे. वैताग एकच, इंटरव्हल पंधरा मिनिटांची आणि पाच ऑडीपैकी, म्हणजे हॉलपैकी, दोन ऑडीत हाच, दोन्ही एका वेळी सुटले की मेलो.

सिनेमा_म्हणजे_सिनेमा

सगळ्यांनी रागावू नका पण स्पष्ट बोलतो. मी फिल्म मेकिंग शिकतोय, नाशिकमध्येच, आणि मला हा पिक्चर बघून वाईट वाटलं. वाडा, लग्न, मृत्युपत्र, बाईच्या वेशातला पुरुष, किती वर्षं हेच चालणार आहे? चांगला वेगळा मराठी पिक्चर आला तर त्याला अख्ख्या शहरात दोन शो, ते पण दुपारी, आणि असल्या पिक्चरला सकाळपासून रात्रीपर्यंत. तुम्ही लोक एसपीएच आणि पॉपकॉर्नवर बोलताय, सिनेमावर कोणी बोलतच नाहीये. दादासाहेब फाळक्यांच्या गावात ही परिस्थिती.

खिडकी_नंबर_एक

@सिनेमा_म्हणजे_सिनेमा भाऊ राग नाही आला, पण शो कोण ठरवतं ते आधी समजून घ्या. मी सिंगल स्क्रीनला तिकीट खिडकीवर आयुष्य काढलंय आणि अजून आहे.

मराठीला शो मिळावे म्हणून २०१५ ला सरकारने नियम आणला, मल्टिप्लेक्सने दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये मराठी दाखवायचं. झालं काय, बरेच जण सव्वाबाराचा शो देतात आणि नियम पाळला म्हणतात. वर्किंग डेला सव्वाबाराला कोण येणार, अंबड सातपूरचा कामगार शिफ्टला, पोरं शाळेत. तुमचा वेगळा पिक्चर तिथे लागतो आणि तिथेच मरतो हे खरं आहे, मलाही त्याचं वाईट वाटतं. पण त्याच सव्वाबाराला ही कॉमेडी लावा, सिन्नर ओझरहून बायकांचे ग्रुप गाडी करून येतात, भिशीचे ग्रुप येतात, एक बाई पुढे आणि ती चाळीस तिकिटं एकदम मागते. त्यांच्या जोरावर पिक्चर दुसऱ्या आठवड्यात जातो. आणि दुसऱ्या आठवड्याला थिएटरला जरा श्वास मिळतो, कारण पहिल्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरचा हिस्सा मोठा असतो, पुढे पुढे तो कमी होत जातो आणि आमचा वाढतो. पहिल्या तीन दिवसात गर्दी खेचून विरणारे पिक्चर आमच्या काही कामाचे नाहीत, मग तो कितीही कोटींचा असू दे.

आमच्याकडे बाल्कनी सोडली तर तिकीट शंभरच्या आत. २०२५ च्या सप्टेंबरला त्याच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, शंभरच्या वर मात्र १८ च आहे. पाच जणांचं घर पाचशेत बसतं. त्यांना काय दाखवणार तुम्ही, बापाच्या कर्जाची गोष्ट? ती त्यांच्या घरी चालूच आहे.

पिक्चर म्हणून मला विचाराल तर ठीकठाक. मामाचं काम करणारा नट चांगला, बाकीचे मालिकेतून उचललेत, दर वाक्याला थांबून कॅमेऱ्याकडे बघतात.

लाइटवाला_पंचवटी

मी सेटवर लाइटला असतो, हा पिक्चर केलेला नाही पण असले बरेच केलेत, गंगापूर रोडच्या बंगल्यात, त्र्यंबक रोडच्या फार्महाऊसवर, एकदा मे महिन्यात जुन्या वाड्यात.

आमच्यात कॉमेडी म्हटलं की लाइटवाले खुश आणि साउंडवाले रडतात. लाइट सोपा असतो ना भो, सगळीकडे उजेड. चार सहा नट एका फ्रेममध्ये, कोण कुठे सरकेल, कोण मधेच काय टाकेल याचा भरवसा नाही, म्हणून अख्ख्या खोलीत सारखा उजेड पसरून ठेवायचा, वर स्किमर, म्हणजे उजेड मऊ करायचं पांढरं कापड, ताणायचा, बाजूला उजेड परतवायला थर्माकोल धरायचं, कोणाच्या तोंडावर सावली नको म्हणजे झालं. प्रेक्षकाला तोंड दिसलं पाहिजे, डोळे दिसले पाहिजे, जोक तिथेच असतो. सिरियस पिक्चरला एका खिडकीसाठी अर्धा दिवस जातो. त्यामुळे फिल्म मेकिंगवाल्या भाऊला जे फ्लॅट दिसतं ते आळशीपणाने नाही झालेलं, मुद्दाम तसं ठेवतात. काही ठिकाणी आळशीपणा पण असतो, ते नाकारत नाही.

पण टेक लागतात. लाइव्ह साउंड असला की पंखे बंद, कुलर बंद, वाड्यात तीस माणसं आणि वरून आमचे लाइट, मेकअप वाहतोय, आणि नट म्हणतो परत घेऊ. परत घेतला की कोणीतरी हसतं. बूमवाला पोरगा काठी वर धरून ओठ चावत उभा, त्याचा हात थरथरला की माइक फ्रेममध्ये. बारा तासाच्या शिफ्टला शेवटी शेवटी त्याच जोकवर कोणालाच हसू येत नाही, तेव्हा जो टेक ओके होतो तो पिक्चरमध्ये जातो. मग पिक्चर लागल्यावर थिएटरात लोक त्याच्यावर हसले की कसं तरीच वाटतं, पण बरं पण वाटतं.

माझी तक्रार दुसरीच आहे. शेवटी त्या चुका दाखवतात ना, नट हसतायत, पडतायत, त्या एका बाजूला आणि नावं दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात, तीही इतक्या जोरात पळतात की माझ्या आईला माझं नाव आजपर्यंत सापडलेलं नाही. आणि पेमेंट ९० दिवसांनी म्हणतात, ९० चे किती होतात ते कोणाला विचारू नका.

डोअर_ऑडी_तीन

@लाइटवाला_पंचवटी दादा बरं झालं तुम्ही तो विषय काढला कारण मावशी त्याच्यावरूनच चिडलेल्या आहेत. मी आत्ता ब्रेकमध्ये त्यांना सगळा धागा वाचून दाखवला.

दोन शोमध्ये साफसफाईला जेमतेम पंधरा मिनिटं असतात. मावशी झाडू पिशव्या घेऊन दाराशी उभ्या, पिक्चर संपला, लाइट लागले, आणि लोक उठतच नाहीत, त्या चुका बघत उभे राहतात, सीटच्या मधल्या जागेत, पर्स खांद्याला लावून, एक पाय बाहेर. बाहेर पुढच्या शोची लाईन. आणि कॉमेडीचा कचरा कसा असतो ते पॉपकॉर्नवाल्यांना माहीत नाही, ते विकून मोकळे होतात, लहान पोरं हसताना तोंडातलं पण सांडतात, चीजवालं पॉपकॉर्न कार्पेटमध्ये दाबलं गेलं की झाडूने निघत नाही, हाताने खरवडायला लागतं. त्या हिशोबाने मावशींचा सगळ्यात लाडका पिक्चर म्हणजे जो पडेल तो.

पिक्चर मावशींनी पूर्ण कधीच बघितला नाही, दर शोची शेवटची पाच सात मिनिटं तेवढी बघतात. त्यांचं मत शब्दाला शब्द लिहिते, "शेवटी सगळे गळ्यातच पडायचे होते तर आधी एवढं भांडले कशाला, आणि वाडा शेवटी त्या धाकट्यालाच दिला, मोठीने एवढं केलं तिला काय?" मी म्हटलं मावशी ते विनोदी आहे. त्या म्हणाल्या मोठीला विचार विनोदी आहे का.

जुना_ऑपरेटर

पोरांनो बऱ्याच दिवसांनी वाचायला मजा आली. मी आता घरीच असतो, पण नाशिकला रिळांच्या काळात ऑपरेटर होतो, तेव्हा विजयानंद, सर्कल, हेमलता अशी नावं लोकांच्या तोंडात होती आणि मॉल कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं.

त्या केबिनवाल्याला सांगा, आम्हीही पिक्चर बघत नव्हतो. दोन हजार फुटांचं रीळ वीस बावीस मिनिटं चालायचं, दोन मशीन शेजारी शेजारी. एकाचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, त्याला दुसरं मशीन चालू करायचं, काही सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला बदली मारायची. तो चुकला की पांढरा पडदा आणि शिट्ट्या. मधल्या वेळात कार्बनच्या कांड्या जळून आखूड होतात त्या सरकवत राहायच्या, नाहीतर पडदा पिवळा पडतो. म्हणजे अख्खं गाव ज्या जोकवर हसतंय त्या वेळी आमची नजर उजव्या कोपऱ्यात. मशीनच्या घरघरीत हॉलचं हसू पण ऐकू यायचं नाही. पण केबिनच्या काचेतून खाली बघितलं की बाल्कनीचे खांदे हलताना दिसायचे. मी पिक्चर खांद्यांवरून ओळखायचो. बारीक सगळे हलले तर चालेल, एकदम उसळून थांबले तर पहिल्या आठवड्यात उतरेल. साहेब लोक पेपर वाचून अंदाज बांधायचे, मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

दादा कोंडक्यांचे पिक्चर लागले की शिकलेली माणसं नाक मुरडायची आणि मागच्या दाराने बाल्कनीत येऊन बसायची, मी वरून बघायचो ना. सलग नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नोंद झाली त्याची. पंचवीस आठवडे म्हणजे अर्धं वर्ष झालं. तेवढे दिवस सायकल स्टँडवाला, चणेवाला, पानवाला, सगळे त्याच्यावर जगायचे.

आणि त्या शिकणाऱ्या पोराने फाळक्यांचं नाव काढलं म्हणून सांगतो. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म. १९१३ ला पहिला सिनेमा मुंबईत काढला आणि मग बिऱ्हाड उचलून नाशिकला आले. इथे काढला मोहिनी भस्मासुर, पौराणिक, आणि त्याच्या जोडीला दाखवायला एक छोटी विनोदी फिल्म केली, पिठाचे पंजे. म्हणजे नाशिकला सिनेमाचं दुकान उघडलं तेव्हा पहिल्याच मालात कॉमेडी होती. मुकी होती, त्यामुळे हसण्यात डायलॉग जायची भानगड नव्हती. 😄

सिनेमा_म्हणजे_सिनेमा

काका पिठाचे पंजे माहीत नव्हतं, थँक यू. लाइटवाल्या दादांचं फ्लॅट लाइटिंगचं पण पटलं. पण माझा मुद्दा राहतोच, विनोदी असणं वेगळं आणि तेच तेच परत करणं वेगळं. ताईंनी सांगितलेला मठ्ठावाला वाढपी मला पण आवडला, अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढाच माणूस नवीन आहे. त्याला अजून दोन सीन द्यायला काय गेलं असतं? ते न देता आजोबांना भाषण दिलं.

केबिनवाला_नाशिकरोड

हे मात्र बरोबर बोलला. आणि त्या वाढप्याला डायलॉग नाही म्हणून त्या सीनला मला खालून एकदा पण फोन आलेला नाही.

खिडकी_नंबर_एक

आजोबांच्या भाषणाला हात लावू नका रे बाबांनो, माझ्या खिडकीवर परत येणाऱ्या बायका त्याच्यासाठीच परत येतात. कालच एक बाई सासूला घेऊन आली, म्हणाली ते भाषण हिला ऐकवायचंय. दोघी रडून आल्या आणि बाहेर चहा पिऊन गेल्या. ताईला मागून मोबाईल दिसतात, मला पुढून डोळे दिसतात, सुजलेले.

पॉपकॉर्न_आणि_कोन

चहा कुठे प्यायल्या, आमच्याकडे का बाहेर टपरीवर?

खिडकी_नंबर_एक

टपरीवर. 😂 आमच्याकडे आत चहा नाही मिळत.

डोअर_ऑडी_तीन

शुक्रवारचं शेड्यूल आत्ताच लागलं. मोठा हिंदी येतोय, त्याला तीन ऑडी. आपल्या कॉमेडीला सव्वाबाराचा एकच शो ठेवलाय ऑडी पाचला, सगळ्यात छोटा हॉल. काउंटरची ताई साहेबांशी भांडतीये की शनिवार रविवारचा संध्याकाळचा एक तरी ठेवा, ग्रुप बुकिंगचे दोन फोन आलेत. साहेब म्हणतात मुंबईहून ठरतं. सिन्नर ओझरकडच्या ग्रुपवाल्यांना कोणी ओळखत असेल तर त्यांना म्हणावं आजच फोन करा, चाळीसचा ग्रुप असेल तर संध्याकाळचा शो निघू शकतो असं ताई म्हणतीये. मावशींनी शेड्यूल बघितलं आणि विचारलं हिंदीवाला केवढा आहे, मी सांगितलं तीन तास दहा मिनिटं, शेवटी चुकाबिका काही नाहीत. त्या म्हणाल्या मग येऊ दे त्याला.